नुसते पावसाळे मोजून अनुभव येत नाही

‘आम्ही तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ हे वाक्य न ऐकता मोठा झालेला मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. वाक्यात तथ्य आहेच. पण पावसाळा पाहिला की शहाणपण आपोआप येतं, असं एक गृहीत त्यात लपलेलं आहे. मृगाच्या पहिल्या सरीला भुलून घाईने पेरायचं, मग पावसाने ओढ दिली की दुबार पेरणीसाठी धावपळ करायची, असं वर्षानुवर्षं करणारा माणूसही चाळीस पावसाळे पाहतोच. दुसरा एखादा तीनच वर्षांत ओल किती खोल गेली ते उकरून बघायला शिकतो. पावसाळा संपल्यावर त्याने बसून काय हिशोब मांडला, यावर सगळा फरक पडतो.

आमच्या सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात पावसाळ्यांच्या जागी ‘इयर्स ऑफ एक्स्पिरियन्स’ आले. रेझ्युमेची पहिली ओळच ती. इथे ब्रिटनमध्ये कामाचा भाग म्हणून मी गेली काही वर्षं इंटरव्ह्यू घेतो. त्यात एक प्रश्न नेहमी विचारतो, ‘शेवटचा प्रोजेक्ट उद्या पुन्हा पहिल्यापासून करायला मिळाला, तर काय वेगळं कराल?’ या प्रश्नाला बारा-पंधरा वर्षांचा अनुभव असलेली माणसं कधी कधी गप्प होतात, किंवा ‘तसं सगळं व्यवस्थितच झालं’ म्हणतात. आणि चार वर्षं काम केलेली एखादी मुलगी पाच मिनिटं मुद्देसूद बोलते. डेटाबेस का चुकीचा निवडला गेला, तेव्हा कोणती माहिती हाताशी नव्हती, ती कुठे मिळाली असती, सगळं. बारा वर्षांचा अनुभव आणि एकाच वर्षाचा अनुभव बारा वेळा, यातला फरक अशा वेळी उघड दिसतो.

या मागे वळून बघण्याला इंग्रजीत ‘रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिस’ म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. काम झाल्यावर थांबायचं, काय ठरवलं होतं आणि काय घडलं ते बघायचं, फरक का पडला ते शोधायचं आणि पुढच्या वेळी काय करायचं ते ठरवायचं. एमआयटीचे प्राध्यापक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं आणि शिक्षण, आरोग्य, वास्तुरचना अशा अनेक क्षेत्रांत ही कल्पना रुजली. त्यांचं म्हणणं असं होतं, की कुशल माणूस पुस्तकातले नियम फक्त वापरत नाही. तो काम करता करता विचार करतो आणि काम झाल्यावरही करतो.

आपल्याकडे यासाठी शब्दांची कमी नाही. सिंहावलोकन हा तर फार सुंदर शब्द आहे. सिंह चालता चालता थांबतो आणि मागे वळून बघतो, ते सिंहावलोकन. पण आज हा शब्द उरलाय संस्थेच्या वार्षिक अहवालापुरता. दुसरा शब्द आत्मपरीक्षण. तो पेपरात येतो निवडणुकीनंतर, तोही हरलेल्या पक्षाच्या बातमीत. जिंकलेल्या पक्षाने आत्मपरीक्षण केल्याचं मी तरी वाचलेलं नाही. म्हणजे मागे वळून बघणं ही एक तर औपचारिकता, नाही तर शिक्षा, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

हे बसायला सुरुवात कुठे झाली, हे महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. सबमिशनचे दिवस आठवा. प्रत्येक प्रॅक्टिकलच्या शेवटी जर्नलमध्ये ‘कन्क्लुजन’ नावाचा रकाना असायचा. प्रयोगातून तुम्हाला काय समजलं, हे लिहायची चार वर्षांत तेवढीच एक जागा. आणि ती आपण सगळ्यांनी कशी भरली? सीनियरच्या जर्नलमधून उतरवून! ‘अशा रीतीने आम्ही अमुक अल्गोरिदमचा अभ्यास केला.’ प्रोग्राम चालो न चालो, कन्क्लुजन तेच. सर सही करायचे, विषय संपायचा. आपण शिकलो एवढंच, की शेवटचा रकाना सहीसाठी असतो.

तीच सवय घेऊन आपण कंपन्यांत आलो. पुढे शिकायचं म्हणजे कोर्स करायचा, सर्टिफिकेट मिळवायचं, ते लिंक्डइनवर टाकायचं. त्यात वाईट काही नाही, मीही कोर्स करतो. पण कोर्समध्ये दुसऱ्याने काढलेले निष्कर्ष मिळतात. तुमच्या टीममध्ये, तुमच्या सिस्टिमवर, मंगळवारी दुपारी घेतलेला निर्णय का फसला, हे कोणत्याच कोर्समध्ये नसतं. ते फक्त तुमच्याकडे असतं आणि लिहून ठेवलं नाही तर महिन्याभरात तुमच्याकडेही उरत नाही.

इथे आल्यावर मला याचा सगळ्यात चांगला नमुना आयटीत बघायला मिळाला नाही. तो दिसला एका नर्सताईंकडे. आमच्या गणेशोत्सवाला येणाऱ्या या ताई मूळच्या सांगलीकडच्या, इथे एनएचएसमध्ये काम करतात. एका रविवारी त्या लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, ‘रिव्हॅलिडेशनचं लिहितेय.’ ब्रिटनमध्ये नर्सना आपली नोंदणी दर ३ वर्षांनी नव्याने सिद्ध करावी लागते. एप्रिल २०१६ पासून हा नियम आहे. त्यासाठी ३ वर्षांत किमान ४५० तास काम आणि ३५ तास शिक्षण तर लागतंच, पण त्याशिवाय ५ लेखी चिंतनं लागतात. प्रत्येकात साध्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. काय घडलं किंवा काय अभिप्राय मिळाला, त्यातून काय शिकलात, कामात काय बदल केला आणि व्यवसायाच्या आचारसंहितेशी त्याचा संबंध काय. रुग्णाची ओळख पटेल असं काहीही लिहायचं नाही. आणि मग दुसऱ्या एका नोंदणीकृत नर्सबरोबर किंवा मिडवाइफबरोबर बसून या पाचही गोष्टींवर बोलायचं.

ताईंनी एक उदाहरण सांगितलं. घरी सोडताना वृद्ध रुग्णांना गोळ्यांचं वेळापत्रक समजावून सांगायचं असतं. रुग्ण मान डोलावतो, ‘हो हो’ म्हणतो आणि घरी जाऊन भलतंच करतो. लिहायला बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की मान डोलावणं म्हणजे समजणं असं आपण धरून चाललो होतो. ‘आपल्याकडची म्हातारी माणसं डॉक्टरसमोर नाही म्हणतात का कधी? मला तर हे माहीत असायला हवं होतं,’ त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्या रुग्णालाच सांगायला लावतात, ‘आता तुम्ही मला सांगा, सकाळी कोणती गोळी घ्यायची?’ ही पद्धत प्रशिक्षणात त्यांना शिकवली होतीच. पण ती त्यांच्या हातात आली ती हे लिहिल्यावर.

मला हे ऐकून जरा लाज वाटली, ती माझ्या व्यवसायाची. नर्सला लिहावं लागतं. डॉक्टरांनाही २०१२ च्या अखेरीपासून इथे दर ५ वर्षांनी रिव्हॅलिडेशन आहे आणि त्यातही आपल्या कामावरचं चिंतन दाखवावं लागतं. पण ज्या सॉफ्टवेअरवर त्यांचे रिपोर्ट, औषधांच्या नोंदी आणि अपॉइंटमेंट चालतात, ते लिहिणाऱ्या आम्हा लोकांवर असं कसलंच बंधन नाही.

अर्थात आमच्या क्षेत्रात ही कल्पना अजिबात नाही असं नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी अजाइल जाहीरनामा लिहिला. त्याच्या १२ तत्त्वांपैकी शेवटचं हेच आहे की टीमने ठरावीक काळाने थांबून अधिक चांगलं काम कसं करता येईल याचा विचार करावा आणि त्याप्रमाणे वागणं बदलावं. त्यातूनच आजच्या ‘रेट्रो’ मीटिंगा रूढ झाल्या. पण दर दोन आठवड्यांनी होणाऱ्या या मीटिंगचं बऱ्याच ठिकाणी काय झालंय, हे आयटीतल्या वाचकांना ठाऊक आहे. ‘काय चांगलं झालं’मध्ये सगळे एकमेकांचे आभार मानतात, ‘काय चुकलं’मध्ये ‘बिल्ड हळू चालतं’ ही चिठ्ठी सहाव्यांदा लागते आणि पुण्याहून कॉलवर असलेली चार मुलं म्यूटवर बसून असतात, कारण मॅनेजरही कॉलवर असतो. इथेही शेवटचा रकाना सहीपुरताच.

तरी हे नीट केलं तर काय होतं, याचं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनिअरने दुरुस्ती करताना चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड चालवली. क्षणभरात त्याच्या लक्षात आलं, पण तोवर सुमारे ३०० जीबीच्या मुख्य डेटाबेसमधले जेमतेम साडेचार जीबी उरले होते. मग खरा धक्का बसला. डेटा वाचवण्याच्या ५ वेगवेगळ्या व्यवस्था होत्या आणि त्यांतली एकही धड चालत नव्हती. रोजचा बॅकअप व्हर्जनच्या गोंधळामुळे होतच नव्हता आणि तो होत नसल्याचे इमेल कुणापर्यंत पोचतच नव्हते. त्याच इंजिनिअरने ६ तास आधी वेगळ्याच कामासाठी काढलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. तरी मधल्या ६ तासांचा डेटा गेलाच.

अशा वेळी सोपा मार्ग काय? त्या माणसाला काढून टाकायचं आणि ‘मानवी चूक’ असं पत्रक काढायचं. त्यांनी दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि दहा दिवसांत सविस्तर अहवाल जाहीर केला. त्यात एका माणसावर खापर फोडलं नव्हतं. बॅकअपची जबाबदारी नेमकी कुणाची होती, तो परत वापरता येतो का हे कुणी तपासत का नव्हतं, दोन सर्व्हर स्क्रीनवर इतके सारखे का दिसत होते, असे प्रश्न होते. असा अहवाल वाचला, की कुठल्याही टीमला आपले बॅकअप तपासावेसे वाटतील.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही आपली म्हण मला अशा वेळी नेहमी आठवते. आपण ती म्हणतो, पण तिच्यातली अट विसरतो. पुढच्याने ‘अरे, इथे दगड आहे’ असं ओरडून सांगितलं तरच मागचा शहाणा होणार. पुढचा ठेच लपवून हसत हसत चालत राहिला, तर मागच्याचाही अंगठा फुटणार.

आणि ठेच लपवण्यात आपण पटाईत आहोत. त्याला कारणंही आहेत. पुण्यात माझी पहिली नोकरी होती तिथे रात्री काही बंद पडलं, की सकाळी मॅनेजरची मेल सगळ्यांना यायची. तिची पहिली ओळ ठरलेली, मोठ्या अक्षरांत: ‘हे कुणी केलं?’ का झालं, हा प्रश्न त्या मेलमध्ये कधीच नसायचा. सहा महिन्यांत सगळी टीम एक कौशल्य शिकली, लॉगमध्ये आपलं नाव येणार नाही अशी काळजी घेण्याचं. सिस्टिम होती तशीच राहिली. फक्त पुढच्या वेळी बिघाड शोधायला जास्त वेळ लागायला लागला, कारण खरं काय ते कुणी सांगेना.

परदेशात आल्यावर ही भीती कमी होईल असं वाटतं, पण खरं तर तिला एक नवं कारण मिळतं, ते म्हणजे व्हिसा. इथे नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. अमेरिकेत एच-१बी वाल्यांचंही जवळपास तेच. मुलांची शाळा, घराचं भाडं, गावाकडचं कर्ज, सगळं एका नोकरीला टांगलेलं असताना मीटिंगमध्ये ‘माझा अंदाज चुकला’ म्हणायला छाती लागते. शेजारच्या खुर्चीतला गोरा सहकारी ते सहज म्हणून जातो. तो आपल्यापेक्षा प्रामाणिक असतो असं नाही, त्याला तेवढं म्हणणं परवडतं. म्हणजे ज्यांना पटपट शिकायची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यांनाच मोकळेपणाने शिकणं सगळ्यात महाग पडतं. हा प्रश्न खरा आहे. ‘मन मोकळं करा’ असल्या उपदेशाने तो सुटत नाही.

ही भीती केवळ आपल्या मनाचा खेळ नाही, हे इथल्या डॉक्टरांनीही अनुभवलंय. २०११ मध्ये लेस्टरमध्ये सहा वर्षांच्या एका मुलाचा रुग्णालयात मृत्यू झाला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. हदिझा बावा-गार्बा यांना २०१५ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं. त्या दिवशी रुग्णालयाची कॉम्प्युटर यंत्रणा काही तास बंद होती आणि तपासणीचे रिपोर्ट मिळायला उशीर झाला होता. जानेवारी २०१८ मध्ये त्यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढण्याचा निर्णय झाला आणि देशभरच्या डॉक्टरांत खळबळ माजली. त्यांनी शिकण्यासाठी लिहिलेल्या नोंदी त्यांच्याच विरोधात वापरल्या गेल्या, अशी चर्चा पसरली. त्या नोंदी ज्युरीपुढे ठेवल्या नव्हत्या, असा खुलासा नंतर झाला. पण तोवर ‘यापुढे आम्ही खरं लिहिणार नाही’ असं अनेक डॉक्टर उघड म्हणू लागले होते. ऑगस्ट २०१८ मध्ये अपील न्यायालयाने नाव काढण्याचा निर्णय फिरवला. नियामक संस्थांनी तपासासाठी अशा नोंदी मागू नयेत, अशी शिफारस सरकारने नेमलेल्या समितीनेही त्याच वर्षी केली. एका कुटुंबाचं मूल गेलं होतं, त्यांचा राग समजण्यासारखाच होता. पण लिहिणारे घाबरले तर पुढच्या मुलाचा जीव वाचवणारी माहितीही कागदावर येणार नाही, हेही तितकंच खरं.

याची आपल्याकडची एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण फसलं आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळलं. प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम होते. पण पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन गेले आणि त्यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली. पुढच्या वर्षी १८ जुलैला उड्डाण यशस्वी झालं, तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केलं. ही गोष्ट दर शिक्षक दिनाला व्हॉट्सअॅपवर फिरते आणि तिथेच थांबते. तिचा दुसरा भाग कुणी फॉरवर्ड करत नाही. त्या दोन तारखांच्या मध्ये अपयशाची कसून तपासणी झाली, दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतली गळती शोधली गेली. वर छत्री धरणारा अध्यक्ष होता म्हणून खाली माणसं निर्धास्तपणे खरं बोलू शकली. नुसत्या मोठ्या मनाने रॉकेट उडत नाही, आणि नुसत्या तपासणीनेही नाही. दोन्ही लागतं.

मग ज्याच्यावर अशी छत्री नाही त्याने काय करायचं? माझं मत असं, की दोन वेगळ्या वह्या ठेवाव्यात. एक टीमची, एक स्वतःची. टीमच्या अहवालात कुणाचंही नाव नको. तिथे प्रश्न ‘कुणी केलं’ हा नाही, ‘हे होऊ शकलं कसं’ हा आहे. स्वतःच्या वहीत मात्र ‘मी’ हवाच. यात मराठी आपल्याला जरा फसवते, बरं का. आपल्याकडे कप फुटतो, फाइल राहून जाते, उशीर होतो. कप कुणी फोडला ते वाक्यात येतच नाही. अगदीच अडचण झाली तर ‘माझ्याकडून झालं’. टीमच्या अहवालाला ही भाषा चालेल. पण वहीत ‘मी तपासलं नाही’ असं लिहावं. ती वही कुणी बघणार नाही, ती अप्रेझलला जोडायची नाही आणि तिच्यात कंपनीचा कोड किंवा ग्राहकाची माहिती येऊ द्यायची नाही. तिच्यात फक्त तुमचे निर्णय.

लिहायचं किती? शुक्रवारी लॅपटॉप मिटण्याआधी पंधरा मिनिटं पुरतात. चार प्रश्न घ्या. या आठवड्यात मी कोणता महत्त्वाचा निर्णय घेतला? तेव्हा मला काय होईल असं वाटलं होतं? प्रत्यक्षात काय झालं? पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट वेगळी करेन? यातला दुसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. कारण निकाल कळल्यावर सगळ्यांनाच ‘मला आधीच वाटलं होतं’ असं वाटू लागतं. आधीचा अंदाज कागदावर असेल तरच स्वतःला फसवता येत नाही. आणि चांगल्या झालेल्या कामाचंही लिहा. जे जमलं ते कौशल्याने जमलं की नशिबाने, हे कळणं तितकंच गरजेचं आहे. गिटलॅबची ती ६ तास आधीची प्रत नशिबाचीच होती.

आणि शक्यतो मराठीत लिहा. हे भाषेच्या अभिमानापोटी म्हणत नाही. ऑफिसच्या इंग्रजीत आपण ‘लर्निंग्ज’, ‘अलाइनमेंट’, ‘चॅलेंजेस’ असे गुळगुळीत शब्द वापरतो आणि त्यांच्यामागे लपतो. ‘स्टेकहोल्डर अलाइनमेंटमध्ये गॅप होती’ या वाक्याने काहीच कळत नाही. ‘त्याला न विचारता मी पुढे गेलो, कारण तो नाही म्हणेल अशी भीती होती’ असं लिहिलं, की पुढच्या वेळी काय करायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

यावर आक्षेप येतात. पहिला, वेळ नाही. ज्या बिघाडासाठी मध्यरात्री तीन तास जागतो, तोच चार महिन्यांनी पुन्हा येतो तेव्हा वेळ कुठून येतो? दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सतत स्वतःच्या चुका उगाळून माणूस खचत नाही का? खचतो, जर तो नुसताच उगाळत बसला तर. रात्री अंथरुणात ‘मी असं का बोललो’ हे शंभरदा घोळवणं म्हणजे चिंतन नव्हे, ती चिंता. तिला शेवट नसतो. वहीतल्या चौथ्या प्रश्नाशी विचार थांबतो आणि वही मिटते. उलट लिहून ठेवल्यामुळे बरेच जण नीट झोपतात. तिसरा आक्षेप असा, की सक्ती केली की लोक खोटं लिहितात. मान्य. आमच्या नर्सताईही म्हणाल्या, की काही जणी शेवटच्या आठवड्यात पाचही चिंतनं एका बैठकीत उरकतात. जर्नलचं कन्क्लुजन ब्रिटनमध्येही असतं. म्हणूनच फॉर्मवर विसंबून राहू नये, असं मला वाटतं. ज्याला स्वतःसाठी हवंय त्याने स्वतःची वही ठेवावी.

आता तर याची गरज वाढली आहे. कोड लिहायला एआय आलाय. साधं फंक्शन तो माझ्यापेक्षा पटकन लिहितो. मग माझ्या अनुभवाची किंमत कशात उरते? कोणतं काम करायचं, कोणतं नाही, समोर आलेल्या उत्तरावर विश्वास कधी ठेवायचा आणि कधी नाही, या पारखीत. ही पारख कोर्सने येत नाही, आपल्याच निर्णयांचा हिशोब मांडत गेल्यावर येते. जो हिशोब मांडत नाही, त्याची पंधरा वर्षं उद्या कुणी मोजणारही नाही.

भारतातल्या आईवडिलांना आणि नातेवाइकांना एक विनंती. फोनवर ‘प्रमोशन कधी?’ हा प्रश्न आपुलकीने येतो, हे आम्हाला कळतं. पण त्यामुळे दर रविवारच्या कॉलवर ‘सगळं मस्त चाललंय’ म्हणायची सवय लागते आणि ती सवय ऑफिसातही सुटत नाही. कधी तरी ‘यंदा कामात नवीन काय समजलं रे?’ असंही विचारा. उत्तर तांत्रिक असेल, सगळं कळणार नाही. तरी विचारा.

आणि इथल्या मंडळांना एक सूचना. आपल्या जवळजवळ प्रत्येक मंडळात नव्याने आलेल्या मुलांसाठी करिअर मार्गदर्शन होतं. त्यात व्यासपीठावर यशस्वी लोक बसतात आणि आपण कसे वर आलो ते सांगतात. मुलं टाळ्या वाजवतात आणि घरी जाताना आपण किती मागे आहोत याचा हिशोब करतात. येत्या वर्षी त्यातला एक तास वेगळा ठेवून बघा. पंचवीस-तीसच माणसं, रेकॉर्डिंग नाही, फोटो नाहीत, कंपन्यांची नावं नाहीत. ज्यांचा व्हिसाचा प्रश्न कधीच मिटलाय, पासपोर्ट झालाय, घर झालंय, त्या ज्येष्ठांनी आधी बोलायचं. त्यांना आता गमावण्यासारखं काही नाही, आणि दगड कुठे कुठे आहेत ते त्यांनाच सगळ्यात जास्त माहीत आहे. चहा आणि बटाटेवडा ठेवला तर गर्दीही होईल.